पत्र्यावर दोन थापा

मास्तर भंगाराच्या आवारात गेली होती ती पाण्याच्या टाकीचं झाकण बघायला. जुनं झाकण वाऱ्याने कुठे उडून गेलं ते सापडलं नव्हतं, आणि उघड्या टाकीत कबुतरं रोज डोकावून जात होती. झाकण काही मिळालं नाही. घरी आली ती एक अख्खा ट्रक ठरवून. तोही लष्कराने वापरून, दमवून, शेवटी लिलावात काढलेला.

आधी हे सांगायला हवं की मास्तर म्हणजे कुणी शाळेतली बाई नव्हे. ती बसची कंडक्टर होती. कंडक्टरला मास्तर म्हणायची डेपोतली जुनी रीत, ती बाईमाणूस आली म्हणून कुणी बदलली नाही. तिचा नवरा त्याच बसचा ड्रायव्हर. पुढे तो, मागे ती, असा त्यांचा निम्मा संसार रस्त्यावरच झाला. घरी कितीही वाजलेलं असो, बसमध्ये तिची एक घंटी म्हणजे थांबायचं आणि दोन म्हणजे निघायचं, यात कधी फरक पडला नाही. इतक्या वर्षांनंतरही तो घरात तिला मास्तरच म्हणायचा, आणि ती "अहो" म्हणायची ती अशा सुरात, की समोरच्याने खिशात तिकीट चाचपावं.

निवृत्तीनंतर ड्रायव्हरच्या हृदयाने दगा दिला. दवाखान्यातून वाचून घरी आला, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की आता जड गाडी चालवायची नाही, दगदग नाही. त्याने ते मुकाट्याने ऐकलं आणि घरी येऊन खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसला. तो बसलाच. जेवायला उठायचा, झोपायला उठायचा, पुन्हा येऊन बसायचा. त्यांची लेक दूरच्या गावी असायची. ती फोनवर विचारायची, बाबा काय करतायत? मास्तर सांगायची, बसलेत. माणूस घरात असून नसल्यासारखा झाला होता. झोपेतून जाग आली की मास्तर आधी त्याच्या छातीवर हात ठेवून बघायची. आपल्या डोळ्यांदेखत तो त्या खुर्चीत थोडा थोडा संपतोय, याची तिला इतकी भीती वाटायची की दुसऱ्या कशाची भीती वाटायला जागाच उरली नव्हती.

म्हणून भंगाराच्या आवारात, कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या ट्रकचं मोठं स्टिअरिंग तिला काचेतून दिसलं, तेव्हा ती झाकण विसरली.

भंगारवाला एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस. पण ट्रकपाशी आल्यावर त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, लिलावातून आणल्यापासून इथेच आहे. गिऱ्हाइकं येतात, पुढून बघून खूश होतात, मागे जाऊन फाळका उघडतात आणि मग त्यांना एकदम घरची कामं आठवतात. कापून लोखंड म्हणून विकावा तर गॅसवाले हात लावत नाहीत.

"का?" मास्तरने विचारलं.

"म्हणतात... भरल्या गाडीवर हत्यार चालवल्यासारखं वाटतं."

मास्तरने मागे जाऊन फाळका खाली पाडला. हौद्यात दोन्ही बाजूंना लाकडी बाकं होती, वर ताडपत्रीच्या लोखंडी कमानी, खाली गंजलेला पत्रा. बाकी काही नव्हतं. फक्त आतून ओल्या लोकरीचा आणि बुटांच्या पॉलिशचा वास आला, आणि तो इतका ताजा होता की तिने नकळत पदर सावरला. मग तिने व्यवहार पक्का केला.

ज्याने तो ओढून घरामागच्या अंगणात आणला, त्या टोचनवाल्याला चढावर घाम फुटला. तो सारखा उतरून मागे बघत होता, रिकामाच आहे ना, म्हणून विचारत होता. ड्रायव्हर तेवढ्यापुरता खुर्चीतून उठून मागच्या दारात आला. मास्तरने त्याला आपली अट सांगितली. दुरुस्त करायचा, चालवायचा नाही. त्याने हे काय खूळ अशा नजरेने तिच्याकडे बघितलं, ट्रकला एक फेरी घातली, एका चाकाच्या नटावर नख घासलं आणि आत येऊन विचारलं, "घरात रॉकेल आहे का?"

त्या दिवसापासून खुर्ची रिकामी राहू लागली.

गंज काढता काढता त्याच्या हातांना पुन्हा हातपण आलं. जाम झालेले बोल्ट रॉकेलमध्ये भिजत पडलेले असायचे, चहाच्या जुन्या भांड्यांत बेअरिंगं आणि वॉशर असायचे, आणि मास्तर स्वयंपाकघरात आपली भांडी शोधत बसायची. तारेच्या ब्रशने घासताना हिरव्या रंगाखाली मातकट रंग निघायचा, त्याखाली अजून एक हिरवा. इंजिन उघडलं, डिझेलचा पंप साफ झाला, ब्रेकचे लाइनर बदलले. फोनवर लेकीने नेहमीचा प्रश्न विचारला, आणि मास्तर म्हणाली, तुझे बाबा गाडीखाली आहेत. तिकडे लेकीच्या काळजाचा ठोका चुकला. इकडे मास्तरला हसू आवरेना.

पण एक गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून खटकत होती. बस किती भरली हे तिला कधी मोजावं लागलं नव्हतं. पायाखालची फळी सांगायची, मागचं अंग किती दबलंय त्यावरून कळायचं. हा ट्रक मागून दबलेला होता.

"अहो, ही रिकामी गाडी नाही," ती एकदा म्हणाली.

ड्रायव्हर हसला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा हसला. म्हणाला, स्प्रिंगचे पाटे थकलेत, मास्तर, माझ्यासारखे. मग त्याने ते पाटे सोडवले, लोहाराकडे पाठवले, तापवून त्यांना नव्याने बाक देऊन आणले. जमिनीवर ठेवले तेव्हा ते चांगले कमानदार दिसत होते. बसवले, आणि जॅक हळूहळू खाली घेतला.

ट्रक उंच उभा राहिला. दोघंही बघत होते. मग त्याचं मागचं अंग जरासं खाली गेलं. थांबलं. पुन्हा जरासं गेलं. पावसात स्टँडवर ताटकळलेली माणसं दार उघडल्यावर शिस्तीत आत चढावीत, तसा तो हलके हलके दबत गेला आणि पहिल्या जागी येऊन थांबला. वारा नव्हता. अंगणात कुणी नव्हतं.

ड्रायव्हर बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला.

"तू म्हणाली होतीस ना..."

"मी काही म्हणाले नाही," मास्तर म्हणाली.

तिथेच थांबायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण घरात ती खुर्ची होती. मास्तरने खुर्ची आणि ट्रक मनातल्या मनात शेजारी शेजारी ठेवून बघितले, आणि ती चहा टाकायला आत गेली.

हौद्याचा पत्रा गंजून ठिकठिकाणी फाटला होता, म्हणून वेल्डरला बोलावलं. ओळखीतला होता, कामाला वाघ. सकाळी आला, सामान घेऊन हौद्यात चढला. थोड्या वेळाने मास्तर चहा घेऊन गेली तर तो फाळक्यावर पाय सोडून बसला होता, काम सुरूच केलेलं नव्हतं. कप हातात घेत, रोजच्या बोलण्यात बोलावं तसं तो म्हणाला, "वहिनी, त्यांना जरा पाय वर घ्यायला सांगा ना. पत्र्याला हात पोचत नाही."

"कुणाला?"

त्याने मान वळवून आत बघितलं. मग तिच्याकडे. त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेला तो तिला स्पष्ट दिसला. कप त्याने अगदी जपून खाली ठेवला आणि तो निघून गेला. सामान न्यायला नंतर त्याचा पुतण्या आला, तोही फाटकाबाहेरूनच घेऊन गेला.

ड्रायव्हरने मग पत्र्यावर फळ्याच ठोकायचं ठरवलं. मास्तर मागच्या दारातून बघत होती. प्रत्येक फळी टाकण्यापूर्वी तो क्षणभर थांबायचा, कुणाला तरी वाट द्यावी तसा, आणि हळूच म्हणायचा, "पाय सांभाळा." मग ठोकायचा. सगळ्या फळ्या सरळ बसल्या, एकही खिळा वाकला नाही. त्या संध्याकाळी त्याने भात दोनदा वाढून घेतला, आणि मास्तरने देवाचे आभार मानले. देवाचे मानायचे की आणखी कुणाचे, हा प्रश्न तिने बाजूला ठेवला.

ज्या सकाळी सगळं पुरं झालं, त्या सकाळी दाट धुकं होतं. ड्रायव्हर केबिनमध्ये बसून इंजिन ऐकत होता, पायाने कमी जास्त करत होता. धूर कोंडू नये म्हणून मागचं फाटक सताड उघडं ठेवलं होतं. मास्तर हौद्यात उभी राहून ताडपत्रीची शेवटची दोरी कमानीला बांधत होती. त्या हिरवट अंधारात लोकरीचा वास आज जास्त होता, आणि त्यात बंदुकीच्या तेलाचा, दमलेल्या अंगांचाही. तिला भीती वाटायला हवी होती. पण फाळका चढताना लावलेला, ताडपत्री घट्ट, खाली इंजिनाची लय, आणि पुढे तो. गाठ आवळली गेली, सगळं मनासारखं झालं, आणि मास्तरचा हात आपोआप केबिनमागच्या पत्र्यावर पडला. थप, थप.

कंडक्टरच्या हाताची खोड ती. काही बंद झालं, भरलं, नीट झालं की तो दोनदा वाजवणारच. घरातल्या कपाटाचं दार लावूनसुद्धा ती दोन थापा मारायची. आणि ड्रायव्हरचा पाय तर तिच्या हातापेक्षा जुना गुलाम. क्लच सुटला, ट्रक एक मोठा श्वास घेऊन निघाला आणि फाटकातून धुक्यात शिरला.

मास्तर कमानीला धरून उभी राहिली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती म्हणजे डॉक्टरांनी जड गाडीला नाही म्हटलंय. हे स्टिअरिंग फिरवायलाच माणूस दमेल. एक थाप मारली की तो थांबेल. तिने हात उचलला.

आणि हौद्यातलं सगळं एकदम गप्प झालं.

आधी काही आवाज होता असं नाही. पण शांततेतही फरक असतो. शेवटच्या बसमध्ये कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला की सगळी बस त्या हाताकडे बघते, गाडी आता मध्येच सोडून देणार की घरापर्यंत नेणार, म्हणून. ती नजर मास्तरच्या ओळखीची होती. दोन्ही बाकांवरून ती तिच्या हातावर आली. बाकं रिकामी होती, नव्या फळ्यांवर तिच्या चपलांचेच ठसे होते, आणि तरी तिला इतक्या माणसांचं बघणं अंगावर जाणवलं. किती वर्षांपासून ही माणसं गाडीत बसून आहेत, निघायची वाट बघत? त्यांच्या ड्रायव्हरचं काय झालं असेल? आणि लिलावात, आवारात, टोचनच्या दोरावर... कुणी उतरलं नाही. घरी जायला निघालेला माणूस गाडी सोडत नाही.

मास्तरने हात खाली घेतला.

धुक्यात रस्ता कुठे चाललाय ते तिला कळत नव्हतं. मग केबिनच्या बाजूने, आतून, पत्र्यावर एक थाप पडली. तिने मारलेली नव्हती. ट्रक थांबला. ताडपत्रीचा मागचा पडदा बाजूला झाला, थंड धुकं आत आलं, आणि पायाखालची फळी अगदी थोडी वर उचलली गेली. बाहेर एक कालवा होता, त्यावर एक दगडी पूल, बाकी काही नाही. पडदा पुन्हा खाली आला. सगळे थांबले होते. मास्तरला समजलं की आता तिची पाळी आहे. निघायचं कुणी सांगायचं, तर तिनेच. तिने दोन थापा मारल्या.

पुढे एका लहानशा घरासमोर थाप पडली. अंगणात एक म्हातारी दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिचं ट्रककडे लक्ष गेलं नाही. पडदा हलला, फळी उचलली गेली, आणि म्हातारीचे हात ओल्या सदऱ्यासकट तसेच थांबले. ती फाटकापासून दारापर्यंतच्या पायवाटेकडे बघू लागली. तिची मान हळूहळू वळत गेली, चालत येणाऱ्या माणसाबरोबर वळावी तितकीच हळू. मग ती वाकली, वाटेतली बादली उचलून बाजूला ठेवली, आणि पाठोपाठ आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं.

मास्तर ताडपत्रीच्या फटीतून बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिला पुसायचं सुचलं नाही. आयुष्यभर तिने माणसं घरी पोचवली होती, पण घरी पोचणं म्हणजे काय असतं ते तिने आज बघितलं. पुढच्या वेळी दोन थापा मारताना तिचा हात देवळातल्या घंटेला लावावा तसा पत्र्याला लागला.

असे ते उतरत गेले. एका शाळेच्या मैदानाशी बरेच जण एकदम उतरले आणि ट्रक चांगलाच उचलला गेला. वीटभट्टीपाशी एक उतरला. एक जण मात्र शेवटपर्यंत राहिला. तो थाप मारायचा, ट्रक थांबायचा, पडदा हलायचा, आणि फळी तशीच राहायची. त्याचं गाव बदललं असावं, घर सापडत नसावं. मास्तर त्या रिकाम्या बाकाशी हळूच म्हणाली, "सावकाश बघा. घाई नाही." शेवटी धुकं विरत आलं तेव्हा तो उतरला, तो एका बसथांब्यावर. तिथल्या बाकावर एक माणूस झोपला होता. तो झोपेतच पाय आखडून बाजूला झाला.

घरी परतल्यावर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मास्तर धावत केबिनपाशी गेली, त्याच्या छातीकडे बघत. तो घामाघूम झाला होता, आणि त्याचा चेहरा लग्नातल्या फोटोतल्यासारखा दिसत होता.

"सगळे उतरले?" त्याने विचारलं.

"उतरले."

"रस्ता मला माहीत नव्हता, मास्तर. हातच वळत होते." एवढं बोलून तो खाली उतरला आणि भूक लागलीय म्हणाला.

ट्रक अंगणात उंच, हलका उभा होता. मास्तर स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून पोटभर रडली. तिला आनंद झाला होता. तिला तिचा माणूस परत मिळाला होता, आणि तो कुणी परत आणून दिला हेही तिला माहीत होतं.

काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी ती दूध घ्यायला बाहेर पडली तेव्हा ट्रक पुन्हा मागून दबलेला दिसला. जवळ गेली तर लोकरीचा वास नव्हता. साबणाचा होता, दवाखान्यातल्या औषधाचा, शेतातल्या ओल्या मातीचा. कुणाच्या तरी काठीचं टोक फळीवर टेकलं. वाट बघणाऱ्या माणसांत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! ती घरात आली तर ड्रायव्हर दाढी करून, डेपोचा जुना खाकी शर्ट घालून तयार होता.

शिपायांची गाडी होती ती अशी सगळ्यांची झाली. ट्रक भरला की ते निघायचे, पहाटेच, रस्त्यावर माणसं नसताना. मास्तर मागे उभी राहायची. ड्रायव्हरची तब्येत सुधारली, चालणं सुधारलं, तो आंघोळ करताना गाऊ लागला. डॉक्टरांनी खूश होऊन विचारलं, काय व्यायाम करता? तो म्हणाला, थोडं फिरून येतो. मास्तरने खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं. ती त्या दिवसांत इतकी सुखात होती की लेकीला फोनवर तिच्या आवाजाचा संशय आला.

एकदाच तिने त्याला विचारलं होतं, की तुम्हाला भीती नाही वाटत? तो म्हणाला, "भीती कशाची? आपण पोचवणारे. चढणारे वेगळे, पोचवणारे वेगळे."

मग ती सकाळ आली. धुकं नव्हतं, आकाश स्वच्छ होतं. ड्रायव्हर त्या दिवशी जरा उशिरा उठला, डावा दंड चोळत केबिनमध्ये चढला आणि त्याने इंजिन सुरू केलं. ट्रक भरलेला होता. मास्तर मागे आली, फाळक्यावर पाय ठेवून वर चढणार, तेवढ्यात आतल्या अंधारातून, अगदी पडद्याजवळच्या जागेवरून, कुणीतरी घसा खाकरला.

हौद्यातून आजवर कुणाचा आवाज आला नव्हता. आणि हा आवाज तिने रोज ऐकला होता. बोलायच्या आधी दोनदा खाकरायचं, दुसऱ्यांदा जरा हळू, शेजारी झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून. या घरात, या अंथरुणावर, इतकी वर्षं.

मास्तरने पाय खाली घेतला. तिने वाकून केबिनच्या बाजूला बघितलं. खिडकीवर त्याचं कोपर होतं, खाकी बाही, बोटं दारावर ताल धरत होती. आरशात त्याचा अर्धा चेहरा दिसत होता. तो तिथे होता. चांगला तिथेच होता.

आतून तो पुन्हा खाकरला. जरा हळू.

तिला सगळं लख्ख कळलं. चढलेल्या माणसाला कंडक्टरने खाली उतरवायचं नसतं. आणि दोन थापा मारल्या की गाडी निघणार, आणि निघाली की ज्याचं त्याचं ठिकाण येणार. तिने हात पाठीमागे नेला आणि एका हाताने दुसरा घट्ट धरून ठेवला, तो तिचं न ऐकता पत्र्यावर जाईल की काय म्हणून.

"मास्तर," केबिनमधून त्याचा आवाज आला, "झालं का? निघायचं?"

इंजिन एका लयीत चाललं होतं. आत सगळे गप्प होते. बघत होते.

"थांबा," ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "थांबा हं... अजून एक जण यायचाय."

"बरं," तो म्हणाला. त्याने कधी तिच्या घंटीशिवाय गाडी हलवली नव्हती. "येऊ दे. थांबू आपण."

पडद्याआड बाक करकरला. त्या जागेवरचं माणूस थोडं आत सरकलं, आणि त्याने आपल्या शेजारी एकाला बसता येईल एवढी जागा केली.